थंडीसाठी बांधलेला कूलर

बायांनो, कूलर थंडीसाठी कसा बांधून ठेवायचा ते मला विचारा. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, पण चाळीस वर्षं भाताच्या कणग्या बांधल्या आणि एका दाण्याला उंदीर लागू दिला नाय. कूलर म्हणजे पत्र्याची कणगीच की, फक्त वायर असलेली.

माझा मुलगा अनिल म्हणाला, "आई, पाणी काढ, गवताच्या जाळ्या धू, उन्हात सुकव, वरून झाक. बाकी कशाला हात लावू नको."

मी सगळं तसंच केलं. पण एवढी मोठी कोरडी टाकी होळीपर्यंत रिकामी ठेवायची? मुरबाडात एका खोलीचं भाडं विचारा जाऊन! मी चुलीतली राख चाळली, उडदाचं बियाणं तिच्यात घोळवलं आणि टाकी काठोकाठ भरली. राखेत बियाण्याला कीड धरत नाय. वरून गोधडी गुंडाळून सुतळीने आवळली. कुणाला बोलले नाय. बोलले असते तर अनिल भाषण देत बसला असता.

पंधरा दिवसांनी माझ्या नातीला, नम्रताला बघायला वाशिंदहून पाहुणे यायचे ठरले. पोरगा तिला पसंत होता. अडत होतं त्याच्या आईवर. ही सकुबाई दुसऱ्याच्या घरात शिरली की आधी कोपरे बघते, असं ऐकलेलं. पहाटेपासून मी अंगण तीनदा झाडलं, सुनेला दोनदा झापलं. बूड टेकवत नव्हतं. काहीतरी विसरतेय असं सारखं वाटत होतं.

"आई, बसा ना जरा," सून म्हणाली. "आणि त्या कूलरवरची गोधडी काढते. पाहुण्यांना गाठोडं काय दाखवायचं?"

"काढ काढ. कूलर दिसू दे."

दुपारी एका खोलीत बारा माणसं. सकुबाईने पदराने वारा घेतला.

"डिसेंबरात पण उकडतंय तुमच्याकडे. पंखा नाय वाटतं?"

"पंख्याचं काय घेऊन बसलात? कूलर हाय आमच्याकडे." मी स्वतः उठले, वायर लावली, बटण दाबलं. फुल्लवर.

दाबल्या दाबल्या आठवलं, सकाळपासून काय विसरत होते ते.

अनिलने वायर उपटली तोवर समोर बारा बैरागी बसलेले. भिंतींवर ताडताड आपटलेले उडीद अजून चहाच्या कपांत पडत होते.

"आजी," नम्रता एवढंच म्हणाली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

शिंकायलासुद्धा कुणी तयार नाय. सकुबाईने पदरातला एक दाणा उचलला, दातांनी फोडला.

"बियाण्याचा का?"

"होय."

"पोखरलेला नाय एकपण. शेरभर द्या जाताना."

"आणि पोरगी?" माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"पोरगी आवडली." मग ती नम्रताकडे वळली. "एकच सांग गो. तू आजीवर गेलीस का?"

कुणी काही विचारलं तर आमची नम्रता घटकाभर विचार करते. या वेळी मात्र माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"नाय."