केकच्या पोटातला रंग

वर्लन टॅकेटने बायकोच्या केकला भोक पाडायचं ठरवलं, तेव्हा त्याचा हेतू अत्यंत शुद्ध होता. त्याला केक खायचा नव्हता. त्याला फक्त आतला रंग बघायचा होता.

फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकेतल्या हाताने खेळायच्या फुटबॉलचा, मोसम संपला की माणसं जरा दम खातात, असा बाहेरच्यांचा समज आहे. अलाबामातल्या पाइनबेरी गावात खरी धामधूम त्यानंतरच सुरू होते. शाळेतली दांडगी पोरं पुढच्या वर्षी कुठल्या कॉलेजच्या संघात जाणार, त्याच्या सह्या डिसेंबरातल्या एका बुधवारी होतात. जाणकार मंडळी त्या पोरांना आधीच तारे वाटून ठेवतात. तीन तारे म्हणजे बरा. पाच तारे म्हणजे देवाने सवडीने घडवलेला. मग यंदा कोणाची भरती सरस यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात.

वर्लन जन्मापासून टॅलुसा स्टेट कॉलेजचा. म्हणजे जांभळा. त्याची टोपी जांभळी, गाडी जांभळी आणि लग्नातला टायही जांभळा (बायकोच्या, म्हणजे जोएटच्या, आईने तो फोटो अजून भिंतीवर लावलेला नाही). तो गाड्यांच्या नंबरप्लेटच्या कचेरीत खिडकीवर बसायचा. कोणी कूपर टेक या वैरी कॉलेजची नारिंगी प्लेट मागायला आलं की त्याच्या पेनातली शाई नेमकी तेव्हाच संपायची.

यंदा टॅलुसाची भरती अगदीच यथातथा होती. सगळी तीन ताऱ्यांची गर्दी. आशा काय ती एकाच पोरावर होती, आणि तो पोरगा पाइनबेरीचाच निघाला. टेव्हियन ग्रीअर. पाच तारे. दारातून आत येताना तो आधी एक खांदा आत घालायचा आणि मग दुसरा. चेंडू फेकणाऱ्या गड्याच्या डाव्या अंगाला भिंत होऊन उभं राहायचं, हे त्याचं काम. टॅलुसा की कूपर टेक, हे त्याने आईशिवाय कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

अशी पोरं टेबलावर टोप्या मांडतात आणि एक उचलून डोक्यावर घालतात, ही जुनी रीत. पण टेव्हियनची आई ओडेसा हिला काहीतरी नवीन हवं होतं. तिने जोएटला केक सांगितला. बाहेरून पांढराशुभ्र, आतून कॉलेजच्या रंगाचा. पोरगा सगळ्यांसमोर सुरी चालवणार आणि रंग दिसणार.

जोएटने अर्धं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात घालवलं होतं आणि नुकताच घरी केकचा धंदा सुरू केला होता. ही तिची पहिली मोठी ऑर्डर. टीव्हीवाले येणार होते. हा केक जमला तर नाव होणार होतं, आणि फसला तर त्याहून मोठं नाव होणार होतं.

सोमवारी संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला निघताना ती म्हणाली, "वर्लन, फ्रिजमधल्या खोक्याला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?"

"म्हणूनच सांगतेय."

ती गेली. वर्लनने बराच वेळ धीर धरला. (म्हणजे तिची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत.) मग त्याने फ्रिज उघडला. फ्रिज उघडणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. खोक्याचं झाकणही त्याने फक्त दोन बोटांनी उचललं, आणि दोन बोटं म्हणजे काही हात नव्हे.

आधी त्याने दात कोरायची काडी खुपसली. काडी धुतल्यासारखी स्वच्छ बाहेर आली. जोएटचा केक भाजलेलाच तसा असतो, काडीला कण चिकटेल तर शपथ. वर्लनला आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या हातगुणाचा राग आला. मग त्याला बर्गरच्या दुकानातली शीतपेयाची नळी आठवली. नळी आत गेली, जरा फिरली आणि पोट भरून बाहेर आली.

नारिंगी.

एका नमुन्यावर निकाल देणं बरं नाही, म्हणून त्याने दुसऱ्या बाजूने नळी घातली. नारिंगी. मग मागून, मग वरून. सगळीकडे नारिंगी! पुरावा ठेवून चालणार नव्हतं, म्हणून तो प्रत्येक नमुना खात गेला (आणि केक झाला होता फारच छान). शेवटी तो स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसला आणि त्याला खरोखर रडू आलं. गावातलं पोर, गावच्या गिरणीशेजारी वाढलेलं, आणि नारिंगी!

रडून झाल्यावर त्याचं लक्ष केककडे गेलं. तो पांढराशुभ्र डोंगर आता उंदरांनी पोखरल्यासारखा दिसत होता. भोकं बुजवायला पांढरं क्रीम हवं होतं, पण जोएटने भांडी घासून पालथी घातली होती. वर्लनने कपाटं धुंडाळली. आमच्या दक्षिणेत एखाद्या घरात एक वेळ बायबल सापडणार नाही, पण मेयोनीजची बरणी सापडतेच. रंग हुबेहूब जुळला. त्याने चमच्याने भोकं भरली, चाकूने वरून सपाट केलं आणि लांबून बघितलं. कोणाला संशय येणार नाही, असं झालं होतं. चव घेणाऱ्याचं काय, हा विचार त्याला झाकण लावल्यावर सुचला.

जोएट परत आली. "शहाण्यासारखा बसलास ना?"

"अगदी."

"बरं झालं बाई. ओडेसाला मी छातीठोकपणे सांगितलंय, माझा नवरा फ्रिजकडे ढुंकूनसुद्धा बघणार नाही म्हणून."

वर्लनच्या ओठांवर आलेली कबुली मेयोनीजच्या वासासकट परत आत गेली. जोएट गुणगुणत ठेवणीतल्या झग्याला इस्त्री करत होती. तिच्याकडे बघून त्याला टॅलुसाचं दुःख एकाएकी लहान वाटायला लागलं. परवा सगळ्या गावासमोर पाद्रीबाबा केकचा घास घेणार आणि त्यांच्या तोंडात सँडविचची चव येणार! जोएटचा धंदा सुरू व्हायच्या आधीच बसणार होता.

मंगळवारी दुपारी तो ल्यूशसच्या केशकर्तनालयात गेला. ल्यूशस म्हणजे गावातला एकुलता एक उघड नारिंगी माणूस. चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा, केस उत्तम कापायचा, पण आरशावर कूपर टेकचा झेंडा. वर्लनच्या मते असल्या माणसावर घड्याळ लावण्यापुरताही विश्वास टाकू नये. तरी तो रोज तिथे जायचा, कारण भांडायला दुसरं कोणी तयार नसायचं. आल्या आल्या तो आपला गोड चहाचा ग्लास तिथल्या जुन्या फ्रिजवर ठेवायचा आणि फ्रिजला टेकून उभा राहायचा.

निवृत्त पोस्टमन हॉलिस खुर्चीत बसून दाढी करून घेत होता. तो जांभळाच, पण रडका जांभळा.

"वर्लन, तूच सांग बाबा," हॉलिस फेसातून म्हणाला. "टेव्हियन आला तर आपली भरती कुठल्या कुठे जाईल की नाही?"

"कशावरून?" वर्लन म्हणाला.

ल्यूशसचा वस्तरा थांबला. कालपर्यंत हाच माणूस टेव्हियनच्या पायाच्या मापावर अर्धा तास बोलायचा.

"ताऱ्यांना काय चाटायचंय?" वर्लनने सुरुवात केली. "तारे वाटणाऱ्यांनी कधी मैदानात पाय ठेवलाय का? पोरगा जड आहे. पहिलं पाऊल हळू पडतं त्याचं. तो जागचा हलेपर्यंत समोरचा गडी आपल्या चेंडू फेकणाऱ्याला आडवा करून घरी जेवायला गेलेला असेल. आपले तीन ताऱ्यांचे गडी बरे. भुकेले आहेत. भुकेला गडी पळतो."

"शुद्धीवर आहेस ना?" ल्यूशस म्हणाला. "मी नारिंगी माणूस, पण खरं ते खरं. या राज्यात पंधरा वर्षांत असा गडी झाला नाही. उद्या तो तुमच्याकडे गेला तर मी दुकान बंद करून रडेन. पण वाईट म्हणणार नाही."

"मग घेऊन जा की तुमच्याकडे! आम्हाला नको."

हॉलिस ताडकन उठून बसला. "वर्लन! केक तुझ्या घरात आहे. तुला काय ठाऊक आहे?"

"मला? काही नाही! मी फ्रिज उघडलेलासुद्धा नाही!" वर्लन इतक्या जोरात ओरडला की फ्रिजवरचा चहा हिंदकळला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. टेव्हियन नारिंगी होणार, कारण वर्लन म्हणतो त्याचं पहिलं पाऊल हळू आहे. लोक टेव्हियनच्या घरावरून जाताना गाडी हळू करून त्याच्या पायांकडे बघायला लागले.

बुधवारी सकाळी जोएट खोकं घेऊन लवकरच निघून गेली. वर्लनने कचेरीतून सुट्टी काढली आणि शाळेच्या व्यायामशाळेत जाऊन पहिली रांग धरली. रात्री त्याने एक निर्णय घेतला होता. केक कापायच्या आत आपण ठेच लागल्यासारखं करून त्याच्यावर पडायचं. लोक वर्लनला हसतील. वर्लनला ते हसतातच, त्यात नवीन काही नाही. पण जोएटच्या केकला कोणी नावं ठेवणार नाही.

व्यायामशाळा खचाखच भरली होती. टेबलावर दोन टोप्या, मध्ये केक. टेव्हियन नव्या सुटात घामाघूम झाला होता. ओडेसा हातरुमाल घेऊन आधीच रडायला बसली होती. टेबलामागे जोएट ताठ उभी होती. टीव्हीवाल्याने दिवा लावला. टेव्हियनने सुरी उचलली.

वर्लन निघाला.

"अरे, अरे, ठेच!" असं तो ओरडला, हे मात्र चुकलं. माणूस ठेच लागल्यावर असं ओरडत नाही. दोन्ही हात पसरून तो केकवर झेपावला आणि त्याच क्षणी त्याला दिसलं की केक सगळीकडून गुळगुळीत आहे. एकही बुजवलेलं भोक नाही. मेयोनीजचा टिपूस नाही. पण अंगाला वेग आला होता, आणि पन्नाशीतल्या कारकुनाला हवेत थांबता येत नाही.

तो केकपर्यंत पोचलाच नाही. टेव्हियन सुरी खाली टाकून टेबलाला वळसा घालून कधी आला, ते कोणालाच दिसलं नाही. त्याने वर्लनला एका हाताने पट्ट्याला धरून हवेतच अडवलं आणि अलगद जमिनीवर उभं केलं.

"लागलं तर नाही ना, मिस्टर वर्लन?"

 मग मागच्या रांगेतून हॉलिसचा आवाज आला, "पहिलं पाऊल हळू म्हणे!"

छप्पर उडेल एवढा हशा झाला. त्या गलक्यातच टेव्हियनने दुसरी सुरी घेतली, केक कापला आणि तुकडा वर धरला.

जांभळा!

पुढचं वर्लनला नीट आठवत नाही. त्याने हॉलिसला मिठी मारली, पाद्रीबाबांना मारली आणि एका अनोळखी बाईलाही मारली (तिच्या नवऱ्याची त्याने नंतर माफी मागितली). पाद्रीबाबांनी केकचा मोठा घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "मिस जोएट, माझ्या मुलीच्या लग्नाचा केक तुम्हीच करायचा." ते ऐकून वर्लनच्या छातीवरचा सोमवारपासूनचा दगड उतरला, आणि तो बाकावर बसून पुन्हा एकदा रडला. हे रडणं टॅलुसासाठी नव्हतं.

ओडेसा त्याच्याजवळ आली. "काय मिस्टर वर्लन, तुमचा केक कसा झाला होता?"

"माझा?"

"मी दोन सांगितले होते ना. एक टेव्हियनचा, एक तुमचा. मिस जोएट म्हणाल्या, वर्लनला वेगळा नाही केला तर टेव्हियनचा काही टिकायचा नाही."

वर्लनने जोएटकडे बघितलं. जोएट छताकडे बघत होती.

"पण नारिंगी का?" तो कळवळून म्हणाला.

"जांभळा ठेवला असता तर मी तालमीहून यायच्या आत गावात फटाके वाजले असते," जोएट म्हणाली. "म्हटलं, नारिंगी बघून तरी तोंड बंद ठेवशील. तिथेच चुकले मी."

"मग खरा केक होता कुठे?"

तेवढ्यात ल्यूशस रिकामं खोकं काखेत मारून आला. त्याचे डोळे लाल होते. बोलल्याप्रमाणे दुकान बंद करून तो मनापासून रडलेला दिसत होता. "जोएट, हे तुझं खोकं," तो म्हणाला. "आता माझा फ्रिज मोकळा झाला. काल या वर्लनने टेकून टेकून त्याचं दार वाकवलं."

वर्लनने आ वासला. "तुझ्याकडे होता? दोन दिवस? आणि तू उघडून बघितला नाहीस?"

"मी कशाला बघू?" ल्यूशसला प्रश्नच कळला नाही. "झाकण लावलेलं होतं."

त्या रात्री टॅकेटांच्या घरी जेवणानंतर जोएटने गाडीच्या डिकीतून दुसरं खोकं आणलं. टेबलावर नारिंगी केकचा मोठा तुकडा आला. त्यात पांढऱ्या मेयोनीजच्या खुंट्या स्पष्ट दिसत होत्या. वर्लनने टोपी काढून ठेवली. टोपीसमोर हे खाणं बरं दिसलं नसतं. मग त्याने निमूटपणे घास घेतला.

"कसा लागतो?"

"चांगला झालाय," वर्लन म्हणाला. वाईट याचंच वाटत होतं की तो खरोखर चांगला झाला होता, खुंट्यांसकट. त्याने उठून पडदे ओढले आणि ताटली पुढे केली.

जोएटने दुसरा तुकडा वाढला. "शेजारच्या गावातल्या बाईंचा फोन आला होता. त्यांचा मुलगा पुढच्या वर्षी सही करणार आहे. चार तारे आहेत म्हणे. त्यांनाही असाच केक हवाय."

वर्लनने ताटली बाजूला सारली. "चार? कुठे जाणार आहे तो?" मग त्याने स्वतःला सावरलं. "म्हणजे मला काय करायचंय म्हणा. पण तो केक तरी घरी ठेवशील ना? आता मी सुधारलोय."

"तो ल्यूशसकडे राहील. तुझ्यासाठी वेगळा करीन," जोएट म्हणाली. "फक्त रंग कोणता हवा ते आत्ताच सांगून ठेव, म्हणजे भोकं पाडायचा त्रास वाचेल."