मूळचे श्रोते

डॉ. गोवेंडर सांदिसोची दाढ उपटत असतानाच दवाखान्याच्या छतातल्या स्पीकरवर गकोम सुरू झालं. तोंडात कापसाचे बोळे, जबडा बधिर, डोळ्यांवर दिव्याचा झोत. निषेध नोंदवायला त्याच्याकडे भुवया तेवढ्या उरल्या होत्या. त्या त्याने जमतील तितक्या वर चढवल्या. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं आणि तालावर मान हलवत म्हणाले, "मस्त आहे ना हे? माझी बायको व्यायामाच्या क्लासला यावरच उड्या मारते."

दाढ निघाली तेव्हा सांदिसोच्या डोळ्यांत पाणी होतं. ते दाढेमुळे नव्हतं.

गकोम म्हणजे रिकामं कपाट जिन्यावरून पायरी पायरीने खाली ढकललं तर जसा आवाज होईल, तसलं संगीत. ते उम्लाझी वस्तीतल्या मागच्या खोल्यांत, गॅरेजांत, पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलं. चोरून मिळवलेल्या सॉफ्टवेअरवर पोरं ते रात्रभर ठोकायची आणि सकाळी मिनीबस टॅक्सीवाल्यांना गाडीत वाजवायला द्यायची. रेडिओवाले त्याला हात लावत नसत. शिकलेली माणसं कानावर हात ठेवत. सांदिसोच्या मते तो सुवर्णकाळ होता. आता तेच गकोम पावाला लावायच्या मार्जरिनच्या जाहिरातीत वाजत होतं, निवडणुकीच्या सभेत वाजत होतं, आणि परवा तर सुपरमार्केटमध्ये कोंबडीच्या तंगड्यांवर सूट जाहीर करताना मागे वाजलं होतं.

सांदिसो इसिपिंगोला गाड्यांना सायलेन्सर बसवायच्या दुकानात कामाला होता. तिथून सुटला की तो आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र किनिसो रोज बसून या अधोगतीचा आढावा घेत. त्या दिवशी तो सुजलेला गाल घेऊन थेट किनिसोच्या घरी गेला आणि अर्ध्या तोंडाने दाताच्या दवाखान्यातली हकिकत सांगितली. किनिसोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की आता फक्त खऱ्यांना जमवायचं. खोट्यांना वास लागणार नाही अशा ठिकाणी.

जागा किनिसोच्या मामाची होती. अॅडम्स गावाच्या पलीकडे, उसाच्या रानात, कोंबड्या मरून गेल्यावर बंद पडलेली लांबलचक शेड. वेळ शनिवारी दुपारची ठरली, कारण रात्री काय, कुणीही नाचतो. भर उन्हात नाचतो तो खरा, असं किनिसोचं म्हणणं. नियमही झाले. मोबाईलवर शूटिंग नाही. गाणं म्हणायचं नाही, गकोमला शब्द चालत नाहीत. आणि दारात प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: रेडिओवर यायच्या आधी तू हे कुठे ऐकलंस? उत्तर पटलं तर आत, नाहीतर आल्या पावली परत.

त्या दोघांना अर्थातच उत्तर द्यायची गरज नव्हती. किनिसोच्याच गॅरेजमध्ये ती प्रसिद्ध पार्टी झाली होती, जिच्यात बेसच्या दणक्याने अख्ख्या गल्लीची वीज गेली. त्या रात्री गॅरेजमध्ये फार तर वीस माणसं मावली असतील, पण आपण तिथे होतो असं शपथेवर सांगणारी माणसं उम्लाझीत शेकडो तरी निघतील. सांदिसो त्यांतला पहिला. अंधारात सुद्धा स्पीकर कसे थरथरत होते, हे त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं की ऐकणाऱ्यांनाही ते दिसायला लागलं होतं.

निमंत्रण सांदिसोने लिहिलं. दुकानात एका बाकावर बसून, गाल धरून, मन लावून लिहिलं. "बाहेरचे आत घुसलेत. त्यांनी सगळं बाटवलंय. जे सुरुवातीपासून आहेत त्यांनीच आता एकत्र यायला हवं. शनिवारी दुपारी दोन. काळे कपडे. कुणाला एक शब्द बोलू नका." खाली शेडचा नकाशा. मग त्याने ते 'खरे' या व्हॉट्सअॅप गटावर टाकलं.

म्हणजे टाकलं असं त्याला वाटलं. सांदिसोची आई, माडुबे, चर्चच्या महिला संघात होती, आणि त्या बायकांपैकी कुणाचंच फोनशी फारसं पटत नसल्याने त्यांचा गट सांदिसोच चालवायचा. कुणाची मयत, कुणाच्या मुलीचं लग्न, गुरुवारच्या प्रार्थनेला कुणी स्कोनचे गोड पाव आणायचे, सगळ्या सूचना त्याच्याच नंबरावरून जायच्या. दोन्ही गट फोनमध्ये एकाखाली एक होते. एक इंजेक्शन जबड्यात आणि दुसरं बोटांत उतरल्यासारखं त्याचं झालं होतं. निमंत्रण महिला संघाला गेलं.

आणि तिथे ते कुणालाच विचित्र वाटलं नाही, कारण चर्चमध्ये नुकताच नवा पाद्री आला होता. तरुण, घट्ट पँटचा. त्याने आल्या आल्या भिंतीवर मोठा पडदा लावला, गिटारवाला आणला आणि बायकांची गुरुवारची प्रार्थना अर्ध्या तासाने कापली. बाहेरचे आत घुसलेत, हे वाक्य वाचून कित्येकींनी स्वयंपाकघरातच "आमेन" म्हटलं. अध्यक्षीण होती मासिबिया, म्हणजे किनिसोची आई. तिला वाटलं हे माडुबेने लिहून घेतलं असणार. माडुबेला वाटलं, मासिबियाशिवाय एवढी धार कुणाची असणार? आणि कुणाला एक शब्द बोलू नका असं बजावलेलं असल्याने दोघी एकमेकींशीही बोलल्या नाहीत. नुसत्या रविवारी चर्चमध्ये एकमेकींकडे बघून हळूच मान हलवली.

शनिवारी दोनच्या सुमाराला सांदिसो शेडमध्ये वायरी जोडत होता. निमंत्रणाला एकाचंही उत्तर आलं नव्हतं, आणि तेच खऱ्यांचं लक्षण आहे असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. बाहेर टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. मग दुसरी. सांदिसोला भरून आलं. त्याने आवाज पूर्ण चढवला आणि पहिला ठोका सोडला. पत्र्यावरची वर्षानुवर्षांची कोंबडीची पिसं खाली उतरायला लागली.

दारात किनिसो काळा चष्मा लावून, हाताची घडी घालून उभा होता. टॅक्सीतून उतरल्या त्या पांढऱ्या टोप्या, काळे स्कर्ट, बगलेत बायबल. मागोमाग स्कोनचे डबे आणि आल्याच्या पेयाची बादली. सगळ्यांत पुढे त्याची आई. किनिसोला दारातून पळावंसं वाटलं. पण आठवडाभर घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं, ते आपलं आपण बाहेर पडलं.

"रेडिओवर यायच्या आधी तू हे कुठे ऐकलंस?"

मासिबियाने त्याच्याकडे वर-खाली पाहिलं. "कुठे ऐकलं? माझ्या घरात. माझ्या उशीपलीकडच्या भिंतीतून. वर्षानुवर्षं, पहाटेपर्यंत. रेडिओचं काय घेऊन बसलास, हे संगीत आहे असं तुम्हाला स्वतःला कळायच्या आधी मी ऐकलंय. दोनदा पोलीस बोलावले होते, आठवतंय? चष्मा काढ आधी, आईशी बोलतोयस."

तिच्या मागून बाकीच्याही बोलायला लागल्या. एकीच्या कपाटातल्या बश्या फुटल्या होत्या. एकीची म्हातारी सासू हे ऐकून जगबुडी आली म्हणून गुडघ्यांवर बसायची. एकीचा मुलगा तर आंघोळीच्या टबमध्ये स्पीकर ठेवायचा, घुमतो म्हणून. उम्लाझीत गकोम जिथे जिथे ठोकलं गेलं, त्या प्रत्येक भिंतीच्या पलीकडे यांतली एक जण जागी होती. नियम किनिसोचाच होता. तो बाजूला झाला.

सांदिसोने वळून पाहिलं तर समोर आई. त्याने घाईने आवाज उतरवला. काय झालं असेल ते त्याला तिच्या पहिल्याच वाक्यात कळलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवून शाबासकी दिली, की निरोप छान लिहिलास, आणि ही आवाजाची युक्तीही छान, म्हणजे बाहेर कुणाला आपलं बोलणं ऐकू जायला नको. त्याने खरं सांगायचा प्रयत्न केला. हा मूळच्या लोकांचा मेळावा आहे म्हणाला, गल्लीची वीज गेली त्या रात्री जे होते त्यांचा, आपल्यासारख्यांचा.

"तू कुठे होतास त्या रात्री?" माडुबे म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. "तुला गालगुंडं झाली होती. हे एवढाले गाल. मीच शेकत बसले होते मेणबत्तीच्या उजेडात."

किनिसो दारातून आत आला होता. त्याने ते ऐकलं. त्याने सांदिसोकडे असं पाहिलं, जसं माणूस वर्षानुवर्षं पूजलेला दगड कुणीतरी उचलून खाली सिमेंट दाखवल्यावर पाहील. तो काही बोलणार तेवढ्यात त्याची आई बोलली.

"आणि वीज काही तुमच्या त्या स्पीकरने गेली नाही. खुमालो म्हाताऱ्याची मयत होती, मी दोन ओव्हन लावले होते स्कोनसाठी. गल्लीत शिव्या खाव्या लागतील म्हणून गप्प बसले. पोरं म्हणाली आमच्यामुळे गेली, मी म्हटलं बरं झालं."

मग दोघे मित्र एकमेकांची नजर चुकवत वायरी तपासायला लागले.

बायकांनी कोंबड्यांचे पिंजरे उलटे करून बैठक मांडली. बाहेर ऐकू जायला नको म्हणून माडुबेने आवाज पुन्हा पूर्ण चढवायला लावला. पाद्र्याविरुद्धचा पहिला ठराव मासिबियाने मांडला, पण तो ऐकू कुणालाच गेला नाही. तिने मोठ्याने मांडला. तरीही नाही. तिसऱ्यांदा ओरडताना तिच्या लक्षात आलं की तिचे शब्द ठोक्यावर पडतायत. कुणाच्या तरी हातात भजनाला थाप द्यायची चामड्याची उशी होती. तिच्यावर थाप पडली. दुसरी पडली. मग ठरावाची ओळ कधी भजनाची झाली ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळ्या उठल्या. गुडघेदुखीवाल्या, रक्तदाबवाल्या, सगळ्या. भर उन्हात, तापल्या पत्र्याखाली, पायांनी धूळ उडवत त्या पुढे यायच्या, मागे जायच्या, आणि वर सूर असा की छप्पर उचललं जाईल.

गकोमला शब्द चालत नाहीत, असं सांगायला सांदिसो पुढे झाला. आईने नाचता नाचताच आल्याच्या पेयाची बादली त्याच्या हातात दिली, सांडू नकोस म्हणाली आणि पुन्हा आत शिरली. तो बादली धरून उभा राहिला. आयुष्यभर त्याने आईला एकदाही थकलेली नसताना पाहिलं नव्हतं. आता तिची टोपी तिरकी झाली होती, घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि ती त्याच्यापेक्षा अर्धा ठोका आधी पाऊल टाकत होती, अगदी जिथे पडायला हवं तिथे. त्याला लाज वाटायला हवी होती. पण बादलीमागे त्याचा गुडघा हलायला लागला होता.

ते तिथेच संपलं असतं, पण पुढच्या शनिवारी बायका पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. शेड झाडली गेली, पडदे लागले. किनिसोला स्पीकर त्याचे असल्यामुळे ठेवून घेतलं. सांदिसोबद्दल मात्र चर्चा झाली, कारण नियम तो नियम, आणि त्याच्या बाजूने तोंड उघडायची किनिसोची अजून तयारी नव्हती. शेवटी माडुबेने साक्ष दिली की गालगुंडांत निपचित पडला होता तरी पांघरुणाखाली पाय हलत होता. तेवढ्यावर त्याला घेतलं, वायरी गुंडाळायच्या अटीवर. गाडीत बसताना किनिसोच म्हणाला, की गालगुंडं फार वाईट, त्यालाही झाली होती. मग दोघे पूर्वीसारखे बोलायला लागले.

बातमी फुटायची ती फुटलीच. एका शनिवारी तरुण पाद्री स्वतः आला, गिटारवाल्याला घेऊन. खूप ऐकलंय म्हणाला, मुलांनाही आणता येईल म्हणाला, पडद्यावर शब्द दाखवू म्हणाला. मासिबियाने दारातच त्याला विचारलं, रेडिओवर यायच्या आधी कुठे ऐकलंस. तो पीटरमॅरिट्झबर्गच्या चांगल्या वस्तीत वाढलेला. प्रामाणिकपणे म्हणाला, ऐकलं नाही. त्याला एक स्कोन देऊन परत पाठवलं. गुरुवारची प्रार्थना मात्र पुढच्याच आठवड्यात पुन्हा पूर्ण वेळाची झाली.

हिवाळा सरता सरता एका संध्याकाळी माडुबे लग्नाहून घरी आली. टोपी टेबलावर टाकली, बूट भिरकावले. सांदिसो मक्याच्या पिठाचं मोकळं पुथू आणि ताक घेऊन जेवायला बसला होता. काय झालं ते विचारायची त्याला गरज पडली नाही. लग्नात टेकडीवरच्या चर्चच्या बायका आल्या होत्या, निळ्या ब्लाउजवाल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी स्पीकर लावला, भजन म्हणत उशीवर थाप धरली, आणि नाचल्या. सगळ्यांसमोर. वर त्यातली एक मोबाईलवर शूटिंग करत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"थाप कुठे पडते ते तरी कळतं का त्यांना?" माडुबे म्हणाली. "आम्ही भिंतीला कान लावून रात्री काढल्या तेव्हा कुठे होत्या या? आता काय, सगळ्यांनाच यायचंय. उद्या मार्जरिन विकतील यावर. संपलं. वाट लागली सगळ्याची."

सांदिसोने घास गिळला. मार्जरिनचं काय झालंय ते तिला सांगावं की नाही याचा त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, "नाचू दे ना, मा. त्यांना आवडतंय तर नाचू दे."

हे आपणच बोललो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. माडुबे थबकली. तिने त्याच्याकडे बघितलं, रागाने नाही, कीवेने. लहान पोराला काही गोष्टी समजावून उपयोग नसतो, तेव्हा आई बघते तसं.

"तुला नाही कळायचं ते, बाळा," ती म्हणाली, "तू नंतर आलास."