गरम जेवणाचा बंदोबस्त

दार मागच्या मागे ‘खट्’ करून बंद झालं, तेव्हा पीटीच्या सरांच्या अंगावर जहाजाने दिलेला पांढरा झगा होता, कानामागे शाम्पूचा फेस होता आणि हातात ‘कृपया शांतता राखा’ अशी पाटी होती. ती दाराच्या मुठीला अडकवण्यासाठीच ते एक पाऊल बाहेर आले होते. पाटी अडकवून झाली. शांतताही होती. फक्त दार उघडायचं कार्ड आत टेबलावर राहिलं होतं आणि आत पडद्याआड, पाळण्यात, ढब्बू झोपला होता.

ढब्बू म्हणजे सरांचे पहिले चिरंजीव. नुकताच धरून उभा राहायला लागलेला. झोप पाखराची आणि आवाज वडिलांचा. आता वडिलांचा आवाज कसा, तर मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलाला ‘बुटाची नाडी बांध’ म्हणून सांगणारा. शिट्टी ते गळ्यात नुसती शोभेला बाळगत. अशा घरात बाळ जन्माला आल्यापासून सरांना रोज संध्याकाळी तोंडावर बोट ठेवून बसावं लागे, आणि बायको काहीही म्हणाली तरी ‘हो’ म्हणून मोकळं व्हायची सवय त्यांना तेव्हाच लागली. हो म्हटलं की आवाज कमी लागतो.

“एवढ्याशा पोराला घेऊन बोटीवर? डोकं ठिकाणावर आहे ना?” असं शाळेत सगळ्यांनी विचारलं होतं. पण सरांचा हेतू निराळाच होता. बाळ झाल्यापासून बायको गरम जेवण जेवली नव्हती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना ‘खालची ओळ वाचा’ म्हणून घरी आली की एका हाताने ढब्बू धरायची आणि दुसऱ्या हाताने गार झालेला भात चिवडायची. सर हे बघत होते. बघून त्यांना आत कुठेतरी टोचायचं. म्हणून जहाज. तिथे स्वयंपाक दुसऱ्याचा, भांडी दुसऱ्याची, आणि ढब्बू त्यांचा.

त्या दिवशी सकाळीच त्यांनी जाहीर केलं होतं, “आज दुपारी तू एकटी जेवायला जा. सूप वाफाळतंय तोवर पी. शेवटचा घास होईपर्यंत कुणी तुला हाक मारणार नाही. माझा शब्द.”

“तुला जमेल?”

“अगं, मी सातवी ‘ब’ सांभाळतो.”

बायकोने त्यांच्याकडे अशा काही नजरेने बघितलं, की लग्नाच्या फोटोतसुद्धा तिने तसं बघितलेलं नाही. मग ती केस विंचरून, चांगला कुडता घालून, दोन्ही हात मोकळे हलवत गेली. सरांनी ढब्बूला थोपटून थोपटून झोपवलं, निवांत आंघोळ केली, पडद्याकडे न बघता चवड्यांवर चालत ते दाराशी आले आणि पाटी लावायला बाहेर पडले. झोपलेल्या बाळाकडे बघायचं नाही, हा त्यांचा नियमच होता. बघितलं की त्याला कळतं.

तर आता सर बाहेर होते. दुसरं कार्ड बायकोकडे, दोन मजले वर, सुपाच्या वाडग्याशेजारी. सरांनी शांतपणे विचार केला. तिला बोलवायचं नाही. खाली काउंटरवर जायचं, तर मागे ढब्बू उठला तर ऐकायला कोण? तेव्हा इथेच बसायचं. जेवून ती येईल, दार उघडेल, संपलं. ते दाराला टेकून गालिच्यावर मांडी घालून बसले. झगा आखूड होता. एकाच मापाचा शिवला होता आणि ते माप सरांचं नव्हतं.

एवढ्यात कोपऱ्यावरून खोल्या आवरणाऱ्या ताई आल्या आणि त्यांनी गालिचा झाडायच्या मशीनची वायर भिंतीत खुपसली. सर झेपावले.

“नको!” सर कुजबुजले.

सरांची कुजबुज म्हणजे इतरांचं भाषण. ताई दोन पावलं मागे सरकल्या. सरांनी दाराकडे बोट दाखवलं, हाताचा पाळणा करून झुलवला, डोळे मिटले. ताईंना लगेच कळलं. त्यांना स्वतःला तीन होती.

“माझ्याकडे सगळ्या खोल्यांचं कार्ड आहे की,” त्या हळूच म्हणाल्या. “पण नियम असा आहे, की आधी खोलीत फोन लावून बघायचा. आत कुणी आहे का म्हणून.”

“आहे ना! बाळ आहे!”

“हो, पण त्याने उचलायला पाहिजे ना फोन.”

त्यात त्या कुलपाला कार्ड लावलं की ते ‘टीं टीं’ करून ओरडायचं. काल त्याच आवाजाने ढब्बू उठला होता आणि नंतर तीन खोल्यांमधली माणसं उठली होती.

“असू दे,” सर म्हणाले. “तिचं जेवण होऊ दे. त्याच्यासाठीच चाललंय हे सगळं.”

“वहिनी एकट्या जेवतायत?” ताईंनी विचारलं. “गरम?”

सरांनी मान डोलावली. ताईंनी मशीनची वायर काढली, गुंडाळली आणि त्या सरांच्या शेजारी उभ्या राहिल्या. “रडला तर नियम गेला खड्ड्यात, मी लगेच उघडते. पण नाही रडला, तर कुणाला रडवू देणार नाही. आणि सर, तुम्ही बोलू नका हं. खुणाच करा.”

समोरच्या खोलीचं दार उघडलं आणि एक आजोबा बाहेर आले. उभा जन्म त्यांनी बस चालवण्यात घालवला होता, आणि कान इंजिनाने कधीच खाल्ले होते. “काय हो!” ते गरजले. “बाहेर काढलं का बायकोनं?”

सरांचे दोन्ही हात आपोआप वर गेले. मैदानावर सातवी ‘ब’ला थांबवायला जातात तसे. आजोबा थांबले. वर्षानुवर्षं सिग्नल पाळल्याचा परिणाम असावा. पण तोंड थांबेना. “काय? कोण झोपलंय? मोठ्यानं बोला!”

त्यांच्यामागून त्यांच्या बाई आल्या. बाई म्हणजे खरोखरच बाई, कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी एका नजरेत झगा, फेस, पाटी आणि ताई यांचा अर्थ लावला आणि आजोबांच्या ओठांवर बोट ठेवलं. सर आपसूक सावधानमध्ये उभे राहिले.

“किती वेळ झोपतो?” बाईंनी विचारलं.

सरांनी हाताने ‘काही नेम नाही’ अशी खूण केली.

“बरं. मग आपण रहदारी वळवू.”

आणि खरंच वळवली. पुढच्या थोड्या वेळात त्या बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाला एका टोकाला बाई आणि दुसऱ्या टोकाला आजोबा अडवत होते. पोहायला निघालेलं एक मोठं कुटुंब चपला हातात घेऊन भिंतीला धरून गेलं. सर मध्ये उभे राहून कवायतीच्या खुणांनी सगळं चालवत होते. डावा हात आडवा, म्हणजे थांबा. उजवा पुढे, म्हणजे चला, पण टाचा उचलून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं आवाजावाचून सगळे ऐकत होते, आणि अनोळखी माणसं आपल्या बायकोच्या सुपासाठी चवड्यांवर चालताहेत हे बघून त्यांनी स्वतःच्याही टाचा उचलल्या.

तेवढ्यात ताईंनी घड्याळाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. “सर, बाराचा भोंगा!”

जहाजाचा भोंगा रोज दुपारी बाराला वाजायचा. नुसती प्रथा, बाकी काही नाही. काल वरच्या डेकवर ढब्बूने तो ऐकला होता, टाळ्या पिटल्या होत्या आणि तेव्हापासून धुराड्याकडे बोट दाखवून ‘भों’ म्हणत होता. पण जागेपणीची गोष्ट वेगळी. भोंगा वाजला की भिंती थरथरायच्या.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी मात्र ताईंच्या कामासाठी भिंतीवर बसवलेला फोन उचलला. “एखाद्या जबाबदार माणसाला पाठवा,” एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि ज्या तऱ्हेने म्हणाल्या त्यावर पलीकडच्याने काही विचारायची हिंमत केली नसावी. लगोलग पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी धावत आला. त्याचे बूट करकर वाजत होते.

“बूट,” बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने बूट काढले. एका मोज्याला भोक होतं. पाय दुसऱ्या पायाखाली लपवत त्याने सगळं ऐकून घेतलं. “भोंगा थांबवणं माझ्या हातात नाही हो. कॅप्टनसाहेबांना विचारावं लागेल.”

“विचारा की.”

त्याने विचारलं. बोलताना तो फोनवरही ताठ उभा होता. “सर... एक बाळ झोपलंय सर... नाही, आजारी नाही... त्याची आई जेवतेय सर. गरम.” मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. फोन ठेवून म्हणाला, “साहेबांच्या मुलीला जुळं झालंय. ते म्हणाले, आज भोंगा नाही.”

बारा वाजले. भोंगा वाजला नाही. एवढं अवाढव्य जहाज सरांच्या शब्दाखातर मुकाट्याने पाणी कापत राहिलं. ताईंनी डोळे पुसले, आजोबांनी सरांचा हात हातात घेऊन दाबला, आणि सरांचा जीव भांड्यात पडला.

आणि नेमका तेव्हाच कुठूनतरी रडण्याचा आवाज आला.

ताई कार्ड घेऊन दाराकडे धावल्या. सरांनी त्यांना अडवलं. आवाज ओळखीचा होता. घरचाच. पण तो दारामागून येत नव्हता, जिन्यावरून येत होता, आणि जवळ येत होता. मग कोपऱ्यावर बायको दिसली. तिच्या कडेवर लालबुंद झालेला ढब्बू होता, आकाशाकडे बोट करून टाहो फोडत असलेला.

“आज भोंगाच वाजवला नाही मेल्यांनी!” ती लांबूनच म्हणाली. “हा केव्हाचा धुराड्याकडे बघत उभा होता. वाजला नाही तर काय कल्लोळ केला म्हणून सांगू! अख्खं डेक बघत होतं.”

मग तिला सगळे दिसले. चपला हातात घेतलेली माणसं, मोज्यांतला अधिकारी, आखूड झग्यातला नवरा.

“हा... हा आत होता,” सर म्हणाले.

“आत कुठला? चष्मा राहिला म्हणून आले, तर हा पठ्ठ्या पाळण्यात उभा. म्हटलं, तू कधी नव्हे ते निवांत आंघोळ करतोयस, कशाला उठवू? घेऊन गेले. बाथरूमच्या दारावर थाप मारून सांगितलं की तुला! ‘ढब्बूला नेते रे’ म्हटलं. तू ‘हो’ म्हणालास.”

सरांना आठवलं. पाण्याच्या आवाजात काहीतरी ऐकू आलं होतं, आणि ते हो म्हणाले होते.

अधिकारी बूट शोधू लागला. सरांना वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण खाली समुद्र होता. “म्हणजे तुझं जेवण...?” त्यांनी विचारलं.

“दोन चमचे सूप घेतलं. मग याने वाडग्यात हात घातला.”

हे ऐकल्यावर मात्र बाईंनी हुकूम सोडायला सुरुवात केली. ताईंनी दार उघडलं. कुलूप ‘टीं टीं’ ओरडलं, आणि ढब्बूच्या रडण्यात ते कुणालाच ऐकू आलं नाही. अधिकाऱ्याने पुन्हा फोन लावला, आधी स्वयंपाकघरात आणि मग कॅप्टनसाहेबांना. आजोबांनी हात पुढे केले. “द्या त्याला इकडे. मला रडणं ऐकू येत नाही. कितीही रडू दे.”

थोड्या वेळाने, भलत्याच वेळी, जहाजाचा भोंगा वाजला. लांबलचक, पोटातून आलेला. ढब्बू गप्प झाला, त्याने टाळ्या पिटल्या, आजोबांच्या खांद्यावर गाल टेकला, आणि भोंगा विरायच्या आत गाढ झोपला. आजोबा त्याला घेऊन समोरच्या खोलीत गेले आणि बाईंनी दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरातून ताट आलं. नव्हे, दोन आली. सूप, भाजलेला मासा, भात, आणि सगळ्यातून वाफा निघताहेत. सर आणि बायको छोट्या टेबलाशी समोरासमोर बसले. तिचे दोन्ही हात मोकळे होते. पहिला चमचा तोंडात घातला आणि तिची जीभ भाजली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“भाजलं?” सर कुजबुजले.

“भाजलं,” ती म्हणाली. “किती छान!”

सर तिच्याकडे बघत राहिले. मग मान खाली घालून, सवयीने हळूच, काहीतरी पुटपुटले.

“काय म्हणालास? आणि कुजबुजतोस काय? ढब्बू नाहीये इथे. मोठ्याने बोल.”

सरांनी दीर्घ श्वास घेतला. हे वाक्य त्यांच्याजवळ कित्येक महिने पडून होतं, आणि एवढा आवाज असूनही ते कधी बाहेर आलं नव्हतं.

“म्हटलं, तू आहेस म्हणून चाललंय आमचं सगळं!”

टेबलावरचे चमचे वाजले. बोळात ताई मशीन ढकलता ढकलता थांबल्या. आणि समोरच्या बंद दारामागून, पूर्ण ताकदीनिशी, ढब्बूचा आवाज आला.

सर ताडकन उठले. बायकोने त्यांचा झगा धरून त्यांना खाली बसवलं. ती हसत होती, आणि डोळे अजून भरलेलेच होते.

“बस,” ती म्हणाली. “आजोबांना ऐकू येत नाही.” आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून ती सूप शेवटच्या थेंबापर्यंत गरम गरम प्यायली.