ग्यानबाचा अंगठा आणि बोलकं कुलूप

"आता या घरात आपल्या माणसाशिवाय मुंगीसुद्धा शिरणार नाही," असं राजपाल पडघाननं छाती फुगवून जाहीर केलं, तेव्हा त्याचा बाप ग्यानबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. त्यानं मान वर केली नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. हे घर त्यानं स्वतःच्या हातानं बांधलं होतं. चाळीस वर्षं शेलूबाजारच्या पंचक्रोशीत गवंडीकाम केलेल्या माणसानं शेवटचं काम म्हणून स्वतःचं घर बांधावं आणि त्यात मुंगी शिरू द्यायची की नाही हे पोरानं ठरवावं, ही गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून पटली नव्हती.

तसं निमित्त खरं होतं. आसेगावला राजपालच्या साडूचं घर भरदुपारी फुटलं होतं. घरचे लग्नाला गेलेले, कुलूप लोंबकळत राहिलेलं. तेव्हापासून राजपालला झोप नव्हती. तो वाशीमच्या एका कचेरीत बाबू, बायको रूपा नर्स, दोघंही दिवसभर बाहेर. आठ दिवस तो मोबाईलवर कुलपं पाहत होता. जेवताना एका हातात भाकर आणि दुसऱ्या हातात कुलूप.

"हे पाहा बाबा. याले किल्लीच नाही. अंगठा लावा, उघडते. अंगठा नसन लावायचा त आकडा दाबा. तेही नसन त मी वाशीमहून मोबाईलवर उघडून देतो."

"आन् किल्लीत काय वाईट आहे?"

"किल्ली हरवते. किल्लीची नक्कल होते."

"पन किल्ली तू कोन आहेस म्हनून इचारत नाही," ग्यानबा म्हणाला.

रूपाचा कौल कुलपाच्या बाजूनं पडला. ड्यूटीवरून येताना एका हातात लसीचा डबा, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, अशात पर्समध्ये किल्ली शोधायला तिला जिवावर यायचं. राहिली भागिरथा, ग्यानबाची बायको. तिनं एवढंच विचारलं, "दार लोटलं की आपोआप लागते म्हनतं? आन् मी चुलीवर काही ठेवून बाहेर आली त?"

"सवय होते आई," राजपाल म्हणाला.

कुलूप आलं. काळंभोर, गुळगुळीत, देवमाशाच्या पिल्लासारखं. सगळ्यांचे अंगठे घ्यायचा कार्यक्रम झाला. राजपालचा अंगठा एका झटक्यात घेतला, रूपाचा घेतला, भागिरथेचा तिसऱ्यांदा घेतला. ग्यानबानं अंगठा ठेवला. कुलपातली बाई गोड आवाजात बोलली, "कृपया पुनः प्रयास करें."

ग्यानबानं पुन्हा प्रयास केला. मग उजव्या हाताच्या पाचही बोटांनी प्रयास केला, मग डाव्या. बाई काही ऐकेना. चाळीस वर्षं चुना, सिमेंट आणि विटा हाताळून त्याची बोटं तळपायासारखी सपाट झाली होती. रेषा म्हणून शिल्लक नव्हती. राशनच्या दुकानातही त्याचं असंच व्हायचं. पण तिथं दुकानदार ओळखीचा होता, दुसऱ्या वाटेनं काम भागवायचा. हे तर त्याचं स्वतःचं दार.

"तुमी आकडा ठेवा बाबा. सहा आकडे. असे की जे तुमी जन्मात विसरणार नाही."

"चौदा, दहा, छप्पन्न," ग्यानबानं विचार न करता सांगितलं. त्या दिवशी त्याचा बाप पांढरे कपडे घालून नागपुरात दीक्षाभूमीवर उभा होता.

राजपालनं कपाळाला हात लावला. "बाबा, हा आकडा आपल्या आख्ख्या वस्तीले पाठ आहे. चोर पह्यला हाच दाबून पाहीन."

"आपल्या वस्तीतला चोर असन त तो हा आकडा दाबून चोरी करनार नाही."

राजपालनं ऐकलं नाही. त्यानं कुठलेतरी अर्थ नसलेले सहा आकडे दिले. ते लक्षात राहीनात म्हणून ग्यानबानं दुसऱ्या दिवशी सुताराच्या जाड पेन्सिलनं दाराशेजारच्या गिलाव्यावर लिहून ठेवले, येताजाता दिसतील असे. संध्याकाळी राजपालनं ते पाहिलं आणि बापाला अर्धा तास सुरक्षिततेवर भाषण दिलं. मग ओल्या फडक्यानं आकडे पुसले. ग्यानबा आतल्या आत धुमसत राहिला. स्वतःच्या भिंतीवर लिहायचीही आता चोरी झाली होती.

पंधरा दिवस असे गेले. ग्यानबा बाहेरून आला की दारासमोर उभा राहून हाक मारायचा आणि घरातलं कोणीतरी दार उघडायचं. आपल्याच घरी पाहुण्यासारखं. बाहेर जायचं तो टाळायलाच लागला.

आणि मग तो मंगळवार उगवला.

राजपाल वाशीमला गेलेला, रूपा तांड्यावर लसीकरणाला. भागिरथा घरात दिसत नव्हती. शेजारी गेली असेल असं समजून ग्यानबानं स्वतःच चहासाठी दूध गॅसवर ठेवलं. अंगात बनियान, कमरेला लुंगी. एवढ्यात खिडकीतून त्याला दिसलं की बाहेर तारेवर वाळत घातलेला त्याचा नवा टॉवेल एक बकरी शांतपणे खाऊन राहिली आहे. तो तसाच बाहेर धावला. बकरीनं टॉवेल सोडला नाही, त्यानंही सोडला नाही. शेवटी अर्धा त्याच्या हातात आला. तो विजयानं वळला तेव्हा वाऱ्यानं दार लोटलं गेलं आणि आतून आवाज आला, "ट्यूं."

ग्यानबा जागीच थबकला. आत गॅसवर दूध होतं. मोबाईल आत होता. खिडक्यांना त्यानंच बसवलेले बोटाएवढे जाड गज होते.

त्यानं अंगठा लावला. "कृपया पुनः प्रयास करें." त्यानं अंगठा टॉवेलच्या उरलेल्या अर्ध्या भागाला पुसून लावला. "कृपया पुनः प्रयास करें." आकडे आठवून पाहिले. सात होता, नऊ होता, मध्ये कुठंतरी दोन. त्याचं एक बोट टेकलं की दोन आकडे एकदम दाबले जायचे. पाचव्या वेळी बाईचा सूर बदलला. ती शब्द थांबवून किंचाळायला लागली. असला कर्कश भोंगा की झाडावरचे कावळे उडाले.

"अवं बाई, मी घरधनी आहो," ग्यानबा कुलपाला म्हणाला. "माहं घर आहे हे."

भोंग्यानं शेजारचे उकंडराव आले. हे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. प्रत्येक यंत्राचं आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत.

"बोटाले थुकी लावा, ग्यानबाभाऊ."

"लावली."

"मंग चुना लावा."

"त्याच चुन्यानं त हे बोटं गेले, उकंडराव. दूध हाय गॅसवर. काहीतरी कामाचं बोला."

"मागचं दार?"

"आतून कडी हाय. सकाळी म्या सोताच्या हातानं लावली," ग्यानबा ठामपणे म्हणाला. आता कोणी सोताच्या हातानं लावली म्हटल्यावर उकंडराव तरी काय बोलणार? त्यांनी आपल्या मोबाईलवरून राजपालला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. एव्हाना अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. रस्त्यावरची एक जीपही थांबली होती, आणि तिच्यातले मंगरुळपीरचे प्रवासी उतरून पुढं आले होते.

"बाबा, मले मोबाईलवर मेसेज आला. दारापाशी अनोळखी इसम आहे म्हणून. कुलपातल्या कॅमेऱ्यानं फोटो बी धाडला. बनियानवाला. काय सांगू, भेव वाटून राह्यलं होतं."

"तो मी होतो."

"हौ, ते आता समजलं."

"बापाले अनोळखी म्हनते तुहं कुलूप. खोल आधी."

"फोटो आल्यावर लगेच घरची लाईन गेली दिसते बाबा. वायफाय बंद आहे. इथून नाही उघडणार."

"मंग आकडा सांग."

 मग राजपाल हळू आवाजात म्हणाला, "स्पीकर बंद करा. आन् आधी लोकांना बाजूला करा. आकडा सगळ्यांच्या समोर सांगता येत नाही."

"लोकायले कायले बाजूला करू? याहीच्याच फोनवर त बोलून राह्यलो मी." ग्यानबाचा आवाज चढला. "घर जळालं त हेच लोकं पानी आननार आहेत, तुहं कुलूप नाही."

स्पीकर बंद झाला. राजपालनं आकडा सांगितला. उकंडरावांनी आपल्या बारीक बोटानं तो दाबलाही. पण कुलूप आता रुसलं होतं. पाच वेळा चुकल्यावर ते अर्धा तास कोणाचंही ऐकत नाही, असं राजपालनं फोनवर समजावलं. "त्यात घाबरण्यासारखं काही नाही बाबा. उलट चांगलंच आहे. म्हणजे मजबूत आहे. कोणाच्या बापाला उघडत नाही."

"ते दिसूनच राह्यलं," ग्यानबा म्हणाला.

खिडकीतून जळक्या दुधाचा वास यायला लागला. राजपालला तो वास फोनवर येण्यासारखा नव्हता. म्हणून तो बोलला. जे बोलायला नको होतं तेच बोलला.

"आन् बाबा, चूक कुलपाची नाही. तुमचे बोटंच खराब आहेत."

ग्यानबानं फोन उकंडरावांच्या हातात दिला. आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. याच बोटांनी गावातल्या शाळेची भिंत चढवली होती, विहार बांधलं होतं, राजपाल कॉलेजात शिकत होता तेव्हा उन्हात परातीवर पराती उचलल्या होत्या. खराब झाली ती तेव्हाच झाली.  बाहेरच्या जिन्याखाली त्याची हत्यारांची पिशवी होती. चार वर्षं तिला हात लागला नव्हता. त्यानं छन्नी आणि हातोडा काढला आणि दाराकडं गेला.

"कुलूप तोडता का?" उकंडरावांनी विचारलं.

"कुलपाले हातही लावत नाही. मजबूत हाय ना ते? राहू दे त्याले मजबूत."

आणि त्यानं चौकटीला लागून, बरोबर कुलपाच्या उंचीवर, भिंतीत छन्नी घातली.

भिंत काही सुटेना. चार-पाच घावांनंतर गिलाव्याचा नखाएवढा तुकडा उडाला. ग्यानबाला घाम फुटला. "कोन्या गाढवानं एवढा माल घातला इथं," तो ओरडला आणि मग त्याला आठवलं की कोणी घातला. एरवी चार घमेली रेतीला एक घमेलं सिमेंट वापरतात, यानं आपलं घर म्हणून तीनालाच एक वापरलं होतं. वर रोज दोनदा पाणी मारलं होतं. आता तो आपल्याच कारागिरीला शिव्या देत घाव घालत होता, आणि जीपमधले प्रवासी आपसात विचारत होते, हे बांधून राह्यले का पाडून राह्यले?

वीस मिनिटांत दोन विटा निघाल्या. ग्यानबानं भोकातून हात आत घातला. आतून कुलपाचा दांडा खाली दाबला की दार उघडतं, एवढं त्याला ठाऊक होतं. दांडा चार बोटं लांब राहिला. त्यानं खांदा रेटला. खांदा आत गेला आणि तिथंच अडकला.

तेवढ्यात आतून कोणीतरी त्या हातावर सणसणीत सांडशी हाणली.

"अगाई," ग्यानबा कळवळला.

"कोन हाय रे मुडद्या? भिंत फोडून शिरतं?" आतून आवाज आला. दुसरी सांडशी बसली.

"अवं भागिरथे, मी हाय, मी."

सांडशी थांबली. दांडा खाली दाबल्याचा टिक आवाज झाला आणि दार सहज उघडलं. भिंतीत हात अडकलेल्या नवऱ्याकडं, त्याच्या बनियानीकडं, अंगणातल्या गर्दीकडं भागिरथेनं आळीपाळीनं पाहिलं.

"तुमी इथं काय करून राह्यले?"

"तू आत कुठून आली?"

"मागच्या दारानं. मागच्या गोमतीबाईच्या घरी पापडं लाटून राह्यली होती. जळल्याचा वास आला म्हनून पयत आली. गॅस बंद केला, पाहतो त काय, भिंतीतून हात निंगून राह्यला."

"मागच्या दाराले कडी होती. म्या लावली होती."

"तुमी लावता, मी काढतो," भागिरथा म्हणाली. "ते कुलूप आलं तवापासून माहं येनं-जानं मागूनच हाय. अंगठ्याले पीठ असलं की घेत नाही, पानी असलं की घेत नाही. कोन मरते त्याच्यासमोर उभं राहून? रूपाही मागूनच येते. तिचे दोन्ही हात भरलेले असतात."

तीन माणसांनी धरून ग्यानबाचा खांदा बाहेर काढला. गर्दी पांगली, जीप निघाली. उकंडराव मात्र गेले नाहीत. पुढं काय होतं ते पाहायला ओट्यावर बसले. ग्यानबानं चेहरा धुतला नाही, चहा घेतला नाही. सिमेंट कालवलं, दोन विटा पुन्हा बसवल्या. प्रत्येक विटेगणिक राजपालला काय काय बोलायचं ते मनात रचत गेला. बोटांपासून सुरुवात करायची, मग कॉलेज, मग त्या परक्या बाईनं बापाचा केलेला अपमान, आणि शेवटी कुलूप दाराचं काढून उकिरड्यावर. पाच वाजल्यापासून तो हातात थापी घेऊन समोरच्या पायरीवर बसून राहिला.

सहाच्या सुमारास राजपालची मोटारसायकल वळणावर वाजली. ग्यानबा उठून उभा राहिला. गाडीचा आवाज घराच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि बंद झाला. पण पोरगा समोर आलाच नाही.

मिनिटभरानं घरातून आवाज आला, "आई, चहा ठेव वो."

मग समोरचं दार आतून उघडलं. राजपाल तोंड पुसत उभा होता. ओल्या सिमेंटकडं पाहून म्हणाला, "बाबा, एवढी भिंत फोडली तुमी?"

"तू कुठून आला बे?"

राजपालनं अंगठ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "गाडीची चेन पडली होती. हात काळे होते. घेत नाही मग ते." मग म्हणाला, "मागून जवळ बी पडते."

ग्यानबानं रचलेलं सगळं भाषण वाया गेलं. राग तर तसाच होता, पण तो आता नेमका कोणावर काढायचा तेच कळेना.

"म्हंजे पंधरा दिवसांपासून," तो शेवटी म्हणाला, "समोरच्या दारानं या घरात मी एकटाच येऊन राह्यलो होतो?"

 ओट्यावरून उकंडराव तेवढे म्हणाले, "तुमी बी कुठं येऊ शकले, ग्यानबाभाऊ."