बारा हजार सालातला मान

"म्हंजे मी उठायचं?" गोमाजीनं विचारलं.

"हो," गंगाधर सर म्हणाले.

"श्रीपतच्या पुढ्यात?"

"श्रीपतच्या नाही हो गोमाजीराव. परग्रहावरच्या राजाच्या पुढ्यात."

"त्या राजाच्या आत कोन हाय?"

"श्रीपतराव."

"मंग तेच इचारतोय मी."

सरांनी कपाळाला हात लावला. करंजघोळच्या देवळासमोर जत्रेच्या नाटकाची तालीम चालली होती आणि दोन अंक कसे लोण्यासारखे पार पडले होते. गाडी अडली ती तिसऱ्या अंकात, गोमाजीच्या खुर्चीपाशी. खुर्चीवर बसलेला गोमाजी दोन्ही हातांनी तिचे हात धरून होता. कुणी ओढून नेईल म्हणून.

गोमाजीचा स्वभावच तसा. एसटीच्या कंडक्टरनं हसून तिकीट दिलं तरी हा ते उलटं करून बघायचा. जावयानं पाया पडायला वाकावं तर हा आधी पाय मागे घ्यायचा. बायको मैना म्हणायची, "यांच्या पानात आज दोन वड्या जास्त पडल्या तर इचारत्यात, का गो, काय फोडलंस?" पण या खेपेला त्याच्या संशयाला कारणही तसंच होतं, हे कबूल करायला हवं.

पोलादपूरपासून आत डोंगरात करंजघोळच्या दोन वाड्या. खालच्या वाडीचा मानकरी गोमाजी, वरच्या वाडीचा श्रीपत. देव एक, देऊळ एक, भांडणही एकच: पालखी देवळातून निघाली की आधी कुठल्या वाडीत जायची? या भांडणापायी कितीतरी वर्षं गावात दोन जत्रा, दोन नाटकं आणि समोरासमोर लावलेले दोन लाउडस्पीकर होते. एका बाजूला राजा मरायचा, दुसऱ्या बाजूला सून रडायची, आणि मधे बसलेल्यांना राजाच रडतोय असं वाटायचं. शेवटी मुंबईकर मंडळी वैतागली. पोलादपूरच्या स्टँडवर तेव्हा एसटीडीचा पिवळा बूथ नवानवा लागला होता, त्यावर निरोप आला, "एक जत्रा, एक नाटक. नायतर आमी गावाला येनारच नाय." गावानं मान तुकवली. यंदा पालखी देवळातच ठेवायची आणि पुढच्या सालापासून ती आधी कुठं न्यायची हे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बैठकीत ठरवायचं, असं ठरलं. आणि नाटक मुंबईकरांच्या हट्टानं एकदम नवीन: सायन्सचं.

ते लिहिलं महाडच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गंगाधर सरांनी. सर उमेदीच्या वयापासून विज्ञानकथा लिहीत आणि त्या पुण्याच्या संपादकांकडून साभार परत येत. आपलं काहीतरी माणसांसमोर उभं राहतंय हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. दर रविवारी महाडहून एसटीनं येत, तिथून पायपीट करत, पण चेहऱ्यावर आनंद मावत नसे.

गोष्ट अशी: साल बारा हजार. सूर्य म्हातारा होऊन तांबडा पडलाय, पृथ्वी गारठलीय. उरलीसुरली माणसं एका सम्राटाच्या आधारानं तगून आहेत. अशात आकाशातून परकी जमात यान घेऊन उतरते. दोघांचं युगायुगांचं वैर. पण नवा सूर्य पेटवायची अर्धी विद्या माणसाकडे, अर्धी त्यांच्याकडे. शेवटी मानवसम्राट आसन सोडून उठतो, परक्या राजाला म्हणतो, "या, बसा," आणि दोन जमातींची एक जमात होते.

सरांनी माणसं खालच्या वाडीला दिली आणि परग्रहवासी वरच्या, कारण ते वरून येतात. एवढा साधा हिशेब बिचाऱ्यांचा. गोमाजी आधी खूश होता. आपण माणसं, श्रीपतला डोक्यावर शिंगं! श्रीपतही खूश होता, कारण यानातून येणारा तो, आणि मोठा माणूस नेहमी शेवटी येतो. तिसरा अंक सरांनी वाचून दाखवला तेव्हा मात्र गोमाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"सर, मी देवाच्या अंगनात, दोन्ही वाड्यांच्या देखत श्रीपतसाठी खुर्ची सोडली, तर दुसऱ्या दिवशी बैठकीत तो काय बोलल? बोलल, काल उठला नव्हं? मंग पालखी आमच्याकडं आधी."

"अहो, ही बारा हजार सालातली गोष्ट आहे!"

"देव तवा नसनार हाय का?"

पलीकडून श्रीपत म्हणाला, "सर, त्याला नसंल उठायचं तर नको उठू दे. आमी यानातनं उतरनारच नाय."

"सूर्य विझेल हो श्रीपतराव!"

"इझू दे."

सर काकुळतीला आले. "माझं अख्खं नाटक त्या एका उठण्यात आहे हो." पण ऐकतो कोण? शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. यानातही एक खुर्ची ठेवायची. ताशावर काठी पडली की दोन्ही राजांनी एकाच वेळी उठायचं, दोघांनी चालत यायचं आणि मध्यावर गळाभेट घ्यायची. दोघांनी माना डोलावल्या. दोघांच्याही माना जरा जास्तच लवकर डोलल्या, हे सरांच्या लक्षात आलं नाही.

घरी जाताना गोमाजी मैनेला म्हणाला, "त्यानं 'हो' म्हटलं गो. भांडला नाय. म्हंजे डाव हाय. ताशा वाजंल, मी उठंन, तो तसाच बसून ऱ्हाईल."

"आनि तुमी?"

"मी कशाला उठतोय?"

दुसऱ्या दिवशी मैना विहिरीवर श्रीपतच्या बायकोला, सुंदराबाईला भेटली. वाड्यांचं भांडण पुरुषांचं. बायकांना पाणी एकाच विहिरीचं भरायचं होतं. सुंदराबाई म्हणाली, "आमचे रोज जेवल्यावर खुर्चीत बसत्यात न् मला ताट वाजवाय लावत्यात. मी ताट वाजवायचं, त्यांनी उठायचं नाय. अशी तालीम चाललीय गो."

ही बातमी ऐकून गोमाजीला फार बरं वाटलं. आपला संशय खरा ठरण्याइतकं सुख त्याला दुसऱ्या कशात नव्हतं.

मग सुरू झालं उंचीचं प्रकरण. श्रीपतची खुर्ची यानात, म्हणजे फळ्यांवर, म्हणून बोटभर उंच दिसत होती. गोमाजीनं आपल्या खुर्चीखाली पाट सरकवले. पुढच्या रविवारी यानाखाली विटा आल्या. गोमाजीनं जातं आणलं. श्रीपतनं भाताचं पिंप उपडं घातलं. सर येऊन बघतात तो मानवसम्राटाचे पाय अधांतरी लोंबताहेत आणि परग्रहाच्या राजाची शिंगं मांडवाच्या कापडाला लागताहेत.

"हे काय आहे?" सर ओरडले.

"बारा हजार सालात खुर्च्या उंच असत्यात," गोमाजी शांतपणे म्हणाला.

त्यातच नारळाचा प्रश्न निघाला. यान उतरलं की नारळ कुणी कुणाला द्यायचा? सर म्हणाले, तेव्हा पृथ्वीवर नारळाचं झाडच नसेल. त्यावर मात्र दोन्ही वाड्या प्रथमच एक झाल्या आणि सरांवर तुटून पडल्या. नारळ नाही तर जत्रा कशी? आणि जत्रा नाही तर माणूस राहिलाच कशाला? सरांनी हात टेकले. नारळ देवाला वाढवायचा, असा तह झाला.

जत्रेचा दिवस उजाडला. चैत्रातलं ऊन नुसतं भाजून काढत होतं. संध्याकाळी वीज जाते म्हणून नाटक उन्हं कलताच लावलं होतं. गोमाजी सकाळपासून आपल्या खुर्चीवर पहारा देत होता. कुणी खिळा उलटा ठोकला, खाजकुयली टाकली, नेम काय? श्रीपत त्याच्या वरताण. परग्रहाच्या राजाचा पोशाख म्हणजे गोणपाटावर चिकटवलेला चंदेरी कागद आणि डोक्याला थर्माकोलचा टोप. तो काढून ठेवला तर खालच्या वाडीचे लोक शिंगं मोडतील म्हणून हा सकाळीच ते सगळं चढवून बसला होता. सरांनी सरबत पुढे केलं तर त्यानं टोपाच्या भोकातून विचारलं, "कुठल्या वाडीतनं आलं?"

"खालच्या."

"नको."

दोन अंक झकास झाले. शहरातून आलेली, गावातली, सगळी डोळे फाडून बघत होती. तिसऱ्या अंकाला पडद्यामागून धूर सोडला, यान पुढे आलं, आत उंचावर श्रीपत चमचमत बसलेला. समोर गोमाजी, फेटा, तलवार, पाय लोंबते. सरांनी विंगेतून खूण केली. ताशावर काठी पडली.

कुणी उठलं नाही.

पुन्हा काठी पडली. गोमाजी श्रीपतकडे बघत होता, श्रीपत टोपाच्या भोकांतून गोमाजीकडे. ताशेवाला बिचारा वाजवतच राहिला. विंगेतून सरांचा आवाज आला, "उठा हो! सूर्य विझतोय!" प्रेक्षक श्वास रोखून बसले. त्यांना वाटलं, काय अभिनय आहे!

गोमाजीच्या मनात उकळ्या फुटत होत्या. बघतो किती वेळ बसतोस. आणि तेवढ्यात त्याला दिसलं की श्रीपतची शिंगं हलताहेत. आधी जरा डावीकडे, मग उजवीकडे. हा नवीन काय डाव, म्हणून गोमाजीनं डोळे बारीक केले. शिंगं पुढे झुकली, झुकतच गेली, आणि परग्रहाचा राजा खुर्ची, पिंप, विटा सगळ्यांसकट धाडकन खाली आला आणि गडगडत मानवसम्राटाच्या जात्यापाशी येऊन पालथा पडला.

गोमाजीनं उडी टाकली. मान, पालखी, बैठक, काही काही आठवलं नाही त्याला. टोप निघेना तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी फोडला. आतला चेहरा पांढराफटक.

"श्रीपत! ए श्रीपत! डोळं उघड रे!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "अरे तू गेलास तर मी भांडू कुनाशी? कोन हाय मला दुसरं?"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. विंगेत गंगाधर सर ढसाढसा रडत होते. इतकं सुंदर वाक्य त्यांनी लिहिलंच नव्हतं. मैनेनं पाण्याचा तांब्या आणून श्रीपतच्या तोंडावर ओतला. श्रीपतनं एक डोळा उघडला, गोमाजीला बघितलं, आणि पुटपुटला, "उठलास ना आधी?"

झालं! पडदा पडायच्या आत दोन्ही वाड्या जुंपल्या. वरची वाडी म्हणे, गोमाजी खुर्ची सोडून उठला, सगळ्यांनी बघितलं. खालची म्हणे, त्याआधी तुमच्या मानकऱ्यानं आमच्या मानकऱ्याच्या पायाशी लोटांगण घातलं, तेही सगळ्यांनी बघितलं. आता सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं. श्रीपतला खरंच चक्कर आली होती, की त्यानं नाटक केलं? नाटक केलं असेल तर त्यानं गोमाजीला फसवून उठवलं, म्हणजे डाव त्याचा. खरी चक्कर असेल तर आजाऱ्यासाठी उठण्यात कसली हार? डाव गोमाजीचा.

बैठकीच्या दिवशी सकाळीच गोमाजी वरच्या वाडीकडे निघाला. "कशाला जाताय?" मैनेनं विचारलं.

"बघायला. मानूस खोटा पडला का खरा, ते तोंड बघून कळतं मला."

श्रीपतच्या दारातून आत बघितलं तर श्रीपत खाटेवर मान टाकून पडलेला. सुंदराबाई त्याच्या तळपायांना कांदा चोळत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी काही कांद्यामुळे नव्हतं. गोमाजीचं पाऊल वाजलं मात्र, श्रीपत टुणकन उठून बसला. उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला त्याला.

"काय रे, कसा हायस?" गोमाजीनं विचारलं.

"मला काय झालंय? खडखडीत हाय. नाटक केलं काल मी. तू फसलास." हे बोलतानाही ओठ सुकले होते त्याचे, आणि खाटेचा कठडा धरलेला हात थरथरत होता.

गोमाजीनं तो हात बघितला. पुरावा समोर होता, साक्षीला त्याची बायको होती. बैठकीत नुसतं तोंड उघडायचा अवकाश, पालखी जन्मभरासाठी खालच्या वाडीत आधी आली असती. पण कालचा तो पांढराफटक चेहरा काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"फसलो बाबा," तो म्हणाला. "मला खरंच वाटलं. तू जिंकलास. पालखी पुढच्या सालापासून आधी तुमच्याकडं. बैठकीत मीच सांगंन."

सुंदराबाईचा हात थांबला. गोमाजी वळला आणि पायऱ्या उतरायला लागला. त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मागून श्रीपतचा आवाज आला.

"ए गोमाजी! थांब! असा कसा देतोयस?"

"दिला म्हंजे दिला."

"न भांडता? तू?" श्रीपत दारात येऊन उभा राहिला, चौकट धरून. "काय डाव हाय तुजा? पालखीचा दांडा मोडलाय का? काय उतरवायचंय आमच्या वाडीवर? आमाला नको आधी! तुमच्याकडंच जाऊ दे पालखी आधी! मीच सांगनार बैठकीत!"

गोमाजी उतरता उतरता थांबला. त्याचे डोळे बारीक झाले.

"आमच्याकडं आधी?" तो स्वतःशीच म्हणाला. "का बरं?"

आणि तो परत वर चढू लागला. सुंदराबाईनं नवऱ्याला हाताला धरून अंगणातल्या खुर्चीत बसवलं, समोर दुसरी खुर्ची मांडली आणि चहाला आधण ठेवलं.