मलेरियाची अखंड ज्योत

देवयानीला दोन बाळं सांभाळायची होती आणि दोन्ही आपल्याला सहज जमणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती! एक स्वानंद, छत्रीबाग मोहल्ल्यातल्या घरी आजीच्या मांडीवर. दुसरं कॉलेजच्या लॅबमध्ये, काचेच्या बशीत: मलेरियाचे परजीवी! दोघांचे नखरे सारखेच. वेळेवर खाणं हवं, अंगाला ऊब हवी आणि आईनं पाठ फिरवली की संपलंच!

परजीवींचा एक नखरा मात्र जादा. त्यांना माणसाचं रक्त तर लागतंच, वर हवेत ऑक्सिजनही कमीच लागतो. त्यासाठीचं गॅसचं सिलिंडर सांवेर रोडवरच्या कारखान्यातून यायचं, ते ऐन नवरात्रात काही येईना. विभागप्रमुख जयसिंगराव सरांनी मिशीवरून बोट फिरवत बजावलं, "देखो देवयानीजी, उद्या सकाळी मी स्लाइड बघणार. परजीवी जिवंत दिसले, तर दुपारी बाळाला पाजायला खुशाल घरी जात जा. मेले, तर मग घरीच बसा!"

"सिलिंडर नसलं म्हणून काय झालं सर? जुनी पद्धत आहे ना!" देवयानी ऐटीत म्हणाली.

जुनी पद्धत म्हणजे लोणच्याच्या बरणीच्या थोरल्या बहिणीसारखी एक काचेची बरणी घ्यायची, आत बश्या ठेवायच्या, मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती आतला ऑक्सिजन खाते आणि मिनिटाभरात आपोआप विझते. मग बरणी उबदार कपाटात सरकवली की झालं. पोरखेळ!

तिनं मेणबत्ती पेटवली, झाकण लावलं आणि फोन वाजला. सासूबाई! मागून स्वानंदचा टाहो असा, की फोन न करताही लॅबपर्यंत ऐकू आला असता.

"देवयानी, हा बाटली तोंडात घेईना! लगेच निघ!"

शेजारच्या खोलीत वनस्पतिशास्त्राच्या कुमुदिनीताई उपासाची साबुदाणा खिचडी खात होत्या. "ताई, त्या मेणबत्तीकडे जरा लक्ष ठेवा हो!" एवढं ओरडून देवयानी ॲक्टिव्हावर पसार!

घरी स्वानंद एकदाचा प्यायला लागला, तसा तिनं फोन लावला. "ताई, विझली का मेणबत्ती?"

"छे गं! मस्त जळतेय!"

देवयानी चक्रावली. मिनिटात विझणारी मेणबत्ती एवढा वेळ जळतेय? हवा शिरते तरी कुठून?

"ताई, झाकणाच्या कडेला तिथलं ग्रीस लावा. भरपूर!"

"ग्रीस?" ताई बुचकळ्यात पडल्या. "बरं बाई. लावते."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "आता?"

"आता तर एकदम बढिया! तू टेन्शन नको घेऊ बेटा, मी इथून हलत नाही!"

देवयानीला रडूच कोसळलं. खोट बरणीत, मेणबत्तीत, की आपल्या एम.एस्सी.तच?

"अगं, ज्योत जळतेय ना? मग रडतेस कशाला?" सासूबाई.

"जळतेय म्हणूनच रडतेय, आई!"

सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

देवयानी धापा टाकत लॅबशी पोचली, तर दाराबाहेर जयसिंगराव सरांचे बूट! आत पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद, खोलीची नुसती भट्टी! टेबलावर बरणी उघडी, आत मेणबत्ती ढणढण पेटलेली आणि समोर सर पायमोज्यांवर हात जोडून उभे!

"कितीदा विझली गं मेली!" ताई घामाघूम, पण चेहऱ्यावर किल्ला जिंकल्याचा भाव. "काडेपेटी संपवली मी! मग झाकणाखाली चमचा खोचला. तुझ्या ग्रीसनं ते घसरायलाच लागलं, शेवटी काढूनच ठेवलं. वारा लागू नये म्हणून पंखेबिंखे बंद. घरी देवीपुढची ज्योत नऊ दिवस सांभाळते मी, तुझी नाही सांभाळणार?"

"क्या बात है!" सर गहिवरले. "लॅबमध्ये अशी निष्ठा आजकाल दिसते कुठे?" सरांनी स्वतः प्रयोग केल्याला जमाना झाला होता. हल्ली ते फक्त सह्या करत.

 ते दोघं गेल्यावर देवयानीनं झाकण लावलं, मेणबत्ती डोळ्यांदेखत विझू दिली, बरणी कपाटात ठेवली आणि देवीकडे मागणं मागितलं. रोगजंतूंना दीर्घायुष्य मागणारी तीच पहिली भक्त असावी!

सकाळी सूक्ष्मदर्शकात बघते तर लाल पेशींमध्ये इवल्या इवल्या अंगठ्यांसारखे दिसणारे परजीवी. जिवंत! उघड्या हवेत कसे तगले? त्या भट्टीमुळे? की नशिबानं? तिला काही म्हणजे काही कळेना!

"शाब्बास!" सर म्हणाले. "जा, रोज दुपारी घरी जा. अट एकच. तुमच्या मागे बरणी कुमुदिनीताईच बघतील!"

मग देवयानीनं ताईंना समोर बसवून नीट समजावलं. मेणबत्ती विझायलाच हवी, विझण्यासाठीच तर लावायची. ताईंना पटलं. "हे आधी नाही का सांगायचं, वेडाबाई!"

दुपारी तिनं घरून निर्धास्त मनानं फोन केला. "ताई, विझली ना?"

"हो गं, अगदी वेळेवर! आणि फुंकर नाही हं मारली, सणाचे दिवस आहेत. झाकण उघडलं आणि झेंडूच्या फुलानं शांत केली!"