चार मात्रांचा संशय

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे अहिरराव माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. नवखा माणूस ओशाळून चपलेवरचा चिखल झटकायला लागतो. खरं कारण त्याला कळत नाही. अहिररावांच्या घरात मागे कायम संगीत चालू असतं आणि त्यावर समोरच्याचा पाय कसा हलतो, हे ते तपासत असतात. "तोंडाला सवय असते थापा मारायची," ते म्हणतात, "पाय बिचारा सरळ असतो."

सातपूरच्या एका कारखान्यात जन्मभर मालाची तपासणी करून ते निवृत्त झाले. कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. वॉचमनने नमस्कार केला तरी त्यामागे त्यांना हेतू दिसतो. कुणी पेढे दिले तर आधी पेढ्यांचं कारण विचारतात, मग त्या कारणाचं कारण. "आरोप नाही हं, फक्त संशय आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते इतक्या नम्रपणे म्हणतात की त्यापेक्षा आरोप परवडला असं वाटतं.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे आमची बैठक असते. आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारी माणसं. म्हणजे काय, हे मी बायकोला अजून समजावतोच आहे. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खातं, मध्येच ऑर्गन घुसतो, सातचा ताल बघता बघता अकराचा होतो आणि गाणारा कशाबद्दल गातोय हे त्याला तरी कळलं असेल का, अशी शंका येते. आम्ही डोळे मिटून बोटांवर मात्रा मोजतो. बायको एकदा चहा घेऊन वर आली आणि आम्हाला तसं बघून दारातूनच परत फिरली. "कुणाचं तरी श्राद्ध चालू आहे असं वाटलं," म्हणाली.

या बैठकीत एकाच गोष्टीला बंदी होती, ती म्हणजे सदर्न रॉक. अमेरिकेच्या दक्षिण भागातला हा प्रकार. तीन-तीन गिटारी, सरळ चार मात्रा आणि गाण्यात रस्ता, गाव, आई, दारू असं कुणालाही कळणारं काहीतरी. अहिरराव त्याला 'ढाबा संगीत' म्हणत. त्या बँडांची नावंसुद्धा ते तोंडावर आणत नसत. 'दाढीवाले', 'दोन ड्रमवाले', 'बासरीवाले' अशी त्यांनी ओळख ठेवली होती. आता एवढी नेमकी ओळख ठेवायची तर आधी नीट ऐकायला लागतं, पण हे त्यांना सांगणार कोण?

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी त्यांनी चालू रेकॉर्ड मध्येच थांबवली. असं कधी झालं नव्हतं. आमच्याकडे एकेक करून बघत, म्हणजे आमच्या पायांकडे बघत, ते म्हणाले, "दक्षिणेतला तुमचा आवडता बँड कोणता? प्रत्येकाने सांगायचं."

सुवर्णा कोठावदे म्हणजे आमच्या बैठकीतल्या दातांच्या डॉक्टर. रोज माणसांची तोंडं उघडणाऱ्या बाईंनी स्वतःचं मात्र गच्च मिटलं. मग हळूच म्हणाल्या, "बासरीवाले. पण फक्त त्यांची लांबलचक गाणी. त्यात जॅझ आहे थोडा." प्रोग्रेसिव्हवाल्याची पळवाट हीच असते. चार मात्रा आवडल्या हे कबूल करायचं नसलं की 'त्यात जॅझ आहे' म्हणायचं. मीही 'दोन ड्रमवाले, पण ते मैफिलीत तासभर वाजवतात तेवढंच' असं पुटपुटलो.

राहता राहिला संदीप बोरस्ते. त्याची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. तो म्हणाला, "मला तर समदेच आवडत्यात. छाटणीला स्पीकरवर तेच लावतो. लय भारी काम होतं. त्यात लपवायचं काय हे, काका?"

अहिररावांनी त्याचे दोन्ही पाय तपासले. "इतकं सरळ उत्तर?" ते म्हणाले. "तुला कुणी पढवलंय का?"

पुढे रोज चौकशी सुरू झाली. जिन्यात मला अडवून ते विचारत, "रविवारी दोन ड्रमवाले म्हणालात. का आवडतात? कोणतं गाणं? कितव्या मिनिटाला?" मी दुसऱ्या दिवशी दाढीवाल्यांचं नाव घेतलं तर म्हणाले, "जबाब बदलताय." डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात ते दात दुखतोय म्हणून गेले आणि तोंडात आरसा असतानाच बासरीबद्दल विचारू लागले. त्यांना आमच्यातून कुणाला तरी काढायचं आहे, अशी आमची खात्री पटली. आम्ही एकमेकांकडेही वाकड्या नजरेने बघायला लागलो. मला बोरस्तेचा संशय आला, बोरस्तेला डॉक्टरबाईंचा.

मग एका दुपारी आमच्या छतातून गिटारचा आवाज यायला लागला. काचेची नळी तारेवरून घसरवत वाजवतात तसली, रडवेली गिटार. चारच मात्रा! मी चपला न घालता वर गेलो आणि बेल वाजवली. आवाज एकदम बंद. दार किलकिलं झालं. अहिरराव घामाघूम, मागच्या सगळ्या खिडक्या बंद.

"काय ऐकत होता?" मी विचारलं.

"बातम्या," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

असं तीनचारदा झालं. बायको म्हणाली, "बाहेर एखादी बाई ठेवल्यासारखं चाललंय यांचं." मलाही तसंच वाटत होतं. आम्हाला बंदी आणि स्वतः दार लावून मेजवानी! येत्या रविवारी सगळ्यांसमोर जाब विचारायचा, असं मी ठरवून टाकलं.

त्याआधीच ते आमच्याकडे आले. माझ्याकडे नाही, बायकोकडे. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "वहिनी, अधिक महिन्यात जावयाला वाण देतात ते जाळीदारच लागतं ना?"

"हो. अनारसे, बत्तासे. ज्याला भोकं असतात ते."

"एकच भोक असलं तर चालतं का? मधोमध?"

मला काही कळेना. बायकोने मात्र गॅस बारीक केला आणि त्यांना खुर्ची दिली. "रेवा येतेय का भावजी? जावयाला घेऊन?"

रेवा त्यांची एकुलती एक मुलगी. अमेरिकेत असते. तिने तिकडच्याच एका मुलाशी लग्न केलंय, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. तो मुलगा दक्षिणेतला. नाव क्लेटन. गावातल्या बँडमध्ये गिटार वाजवतो, आणि तेही नेमकं हेच संगीत. रेवाने ते फोनवर सांगितलं तेव्हा अहिरराव म्हणाले होते, "म्हणजे ढाबेवाला." तिने फोन ठेवला आणि लग्नाला त्यांना बोलावलं नाही.

"रेवाची आई असती तर भाषा येत नसूनही त्याला खाऊ घालून आपलंसं केलं असतं," ते म्हणाले. "मला काय येतं? शेवटी अधिक महिना येणार म्हणून फोन केला. म्हटलं, धोंड्याच्या जेवणाला या. जावयाला पुरणाचे धोंडे घालायची रीत आहे आपल्याकडे. ती हो म्हणाली. पण उतरणार हॉटेलात आहेत. जेवून लगेच जाणार."

"मग ही चौकशी?" मी विचारलं.

"मला त्यातला एक तरी बँड खरोखर आवडायला हवा हो. नुसतं छान छान म्हणून भागणार नाही. रेवा माझीच मुलगी आहे, तिला लगेच कळेल. तुम्हा लोकांना आपलंही आवडतं आणि तेही आवडतं. म्हणून विचारत होतो, सुरुवात कुठून करायची."

जाब विचारायचं राहूनच गेलं. मला त्यांची इतकी कणव आली की मी उगाच पंख्याचा वेग वाढवला. बायको म्हणाली, "एक भोक चालतं. बत्ताशांबरोबर द्या."

वाणात द्यायची रेकॉर्ड बोरस्तेने मिळवून आणली. 'दोन ड्रमवाले' एकमताने ठरले. धोंडे आमच्या घरी झाले, वर नेले. क्लेटन उंच, भुरक्या दाढीचा, मांडी घालताना दोनदा कलंडला. त्याने धोंड्यावर तूप मागून घेतलं तेव्हा बायकोने त्याला माफ करून टाकलं, कशाबद्दल ते तिलाच ठाऊक. रेवा मात्र सारखी घड्याळ बघत होती. वडिलांशी ती मोजकंच बोलत होती, ऑफिसात बोलतात तसं.

मग अहिररावांनी तबक पुढे केलं. बत्तासे, अनारसे, निरांजन आणि मध्ये रेकॉर्ड. क्लेटन आधी रेकॉर्डकडे, मग रेवाकडे बघत राहिला. अहिररावांनी ती लावली आणि इंग्रजीत म्हणाले, "दुसऱ्या गाण्यातली गिटार मला आवडते. पहिलं गाणं अजून आवडत नाही. प्रयत्न चालू आहे."

रेवाने घड्याळ बघायचं थांबवलं. क्लेटन मोठ्याने हसला आणि पहिलं गाणं का ऐकावं ते हातवारे करून समजावू लागला. अहिररावांनी त्यावर शंका काढल्या. त्याने उत्तरं दिली. उत्तरांवर आणखी शंका निघाल्या. पुरण आणि नाशिकचं ऊन अंगावर आलं तसा जावई बोलता बोलता दिवाणावर कलला आणि तोंड उघडं टाकून झोपला.

खाली हॉर्न वाजला. "बाबा, हॉटेलची गाडी आली," रेवा उठत म्हणाली. "उठवते त्याला."

अहिरराव गॅलरीत गेले आणि खाली ओरडून म्हणाले, "जा रे बाबा तू. आज कुणी येत नाही." परत आत आल्यावर ते तिच्याकडे न बघता रेकॉर्डचा आवाज कमी करत राहिले.

"तुझी खोली झाडून ठेवलीय," ते म्हणाले. "येणार म्हणालीस तेव्हापासून रोज झाडतोय."

रेवा आतल्या खोलीत गेली, स्वतःच्या पलंगावरची उशी घेऊन आली आणि नवऱ्याच्या मानेखाली सरकवली.